व्हॉल्व्हसमोर स्ट्रेसचा रकाना रिकामा येतो, मग तपासायचं काय?

भाऊ, तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. ४ इंची स्टीम लाइन, १० बारची सॅच्युरेटेड स्टीम, मध्ये कंट्रोल व्हॉल्व्ह स्टेशन. सीझर टू या पाइपचा स्ट्रेस मोजणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तू गेट व्हॉल्व्ह, स्ट्रेनर, कंट्रोल व्हॉल्व्ह सगळे रिजिड एलिमेंट, म्हणजे न वाकणारे कडक तुकडे, म्हणून टाकले, रिपोर्टमध्ये त्यांच्यासमोर स्ट्रेसचा आकडाच येत नाही, बाकी लाइन सगळी पास आहे. सिनियर म्हणतो सोडून दे, क्लायंटचा माणूस म्हणतो व्हॉल्व्हचं स्ट्रेस कॅल्क्युलेशन दाखवा, आणि कोणीतरी सुचवलंय की बेलो (घड्यांचा लवचिक तुकडा) टाकून द्या म्हणजे लोड कमी होईल. शिवाय ईटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण प्लांटच्या, एचडीपीई (प्लास्टिक) लाइनमधल्या मॅग्नेटिक फ्लोमीटरचं काय, हेही विचारलंस.

रकाना रिकामा आहे म्हणजे स्ट्रेस नाही असं अजिबात समजू नको. सॉफ्टवेअरनं तिथं बघितलेलंच नाही. रिजिड म्हटलं की ते त्या तुकड्याची भिंत पाइपच्या दसपट जाड धरतं, तू दिलेलं वजन टाकतं, तापल्यावर त्याची लांबी किती वाढेल ते पण मोजतं, आणि एका टोकाचा फोर्स-मोमेंट (सरळ जोर आणि वाकवणारा जोर) दुसऱ्या टोकाला पोचवतं. व्हॉल्व्हच्या आत काय चाललंय त्याच्याशी त्याला देणंघेणं नाही. कारण व्हॉल्व्हची बॉडी बी१६.३४ या व्हॉल्व्हच्या मानकाप्रमाणे बनते, ती पाइपपेक्षा चांगली जाड असते, त्यामुळे वाकायची वेळ आली तर आधी शेजारचा पाइप वाकेल असं धरून चाललेलं असतं. बहुतेक वेळा ते खरंही असतं, ३० वर्षांत कास्ट स्टीलची बॉडी पाइपच्या ओढीनं फुटलेली मी पाहिली नाही, कास्ट आयर्नची मात्र पाहिलीय, तिचा फ्लँज कानापासून तुटतो. म्हणजे क्लायंटला बॉडीचं कॅल्क्युलेशन हवंय असं तो म्हणत असला तरी त्याला खरी काळजी पाहिजे फ्लँजची, स्पिंडलची आणि वजन कोण उचलतंय याची. तुझी आयबीआरची, म्हणजे भारतीय बॉयलर नियमांतली, लाइन असणार, व्हॉल्व्हसोबत फॉर्म ३सी येईल, पण तो व्हॉल्व्ह कसा बनला आणि त्याची हायड्रोटेस्ट झाली का एवढंच सांगतो, तुझ्या लाइननं त्याला किती पिळलंय हे त्यात कुठंच नसतं.

आता आकडे बघ, कारण आकड्याशिवाय हे पटत नाही. १० बारची स्टीम म्हणजे साधारण १८४ डिग्री. २० डिग्रीला लाइन बसवली धरली तर कार्बन स्टील मीटरमागे जवळजवळ २ मिलिमीटर वाढतं. आता समज की या वाढीमुळं आणि वजनामुळं व्हॉल्व्हच्या फ्लँजवर २ किलोन्यूटन-मीटरचा मोमेंट आलाय, म्हणजे एक मीटरच्या दांड्याला दोनशे किलो टांगल्यासारखं. ४ इंची शेड्यूल ४० पाइपचा सेक्शन मॉड्युलस (वाकण्याला विरोध करायचं माप) ५२,६०० घन मिलिमीटरच्या आसपास, भागाकार कर, ३८ एमपीए. बी३१.३ या पाइपिंगच्या कोडमध्ये ए१०६ ग्रेड बी स्टीलला या तापमानाला एक्सपान्शनसाठी साधारण २०७ एमपीए चालतो. पाइप आरामात आहे, पाचवा हिस्सा पण वापरला नाही. आता त्याच मोमेंटनं फ्लँज तपास, केलॉगची जुनी इक्विव्हॅलेंट प्रेशरची पद्धत घे, ती मोमेंटला तेवढ्याच परिणामाच्या प्रेशरमध्ये बदलते: सोळा गुणिले मोमेंट भागिले पाय (३.१४) गुणिले गॅस्केट व्यासाचा घन. ४ इंची स्पायरल वाउंड गॅस्केटला तो व्यास १३८ मिलिमीटर येतो. उत्तर येतं ३८.८ बार. त्यात लाइनचं १० मिळव, ४८.८ बार. क्लास १५० चा (क्लास म्हणजे प्रेशरचा दर्जा) फ्लँज या तापमानाला १४ बारच्या थोडा वर चालतो आणि क्लास ३०० चा ४४ च्या आसपास. म्हणजे पाइप एकपंचमांशावर, आणि फ्लँज क्लास १५० असेल तर मर्यादेच्या तिपटीच्या वर, क्लास ३०० असला तरी थोडा नापासच.

पण इथं घाबरून लगेच लूप (पाइपचं यू-आकाराचं वळण) वाढवू नको. केलॉगची पद्धत फार सावध आहे हे सगळे जाणतात. तिच्यात नापास झालं की एएसएमईच्या अणुप्रकल्पांच्या कोडमधली एनसी-३६५८.३ ची पद्धत लाव, ती पिच सर्कल (बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास) आणि बोल्टांचा एकूण एरिया धरून मोमेंटची मर्यादा सांगते. ४ इंची क्लास १५० ला ती साधारण साडेतीन ते चार किलोन्यूटन-मीटर येते आणि क्लास ३०० ला पावणेसहाच्या आसपास. म्हणजे तोच २ चा मोमेंट दोन्ही क्लासला पास. माझं मत विचारशील तर दुसरी पद्धत खऱ्याच्या जास्त जवळ आहे, पण ती एक गोष्ट गृहीत धरते, की स्टड बी७ या मजबूत ग्रेडचे आहेत आणि नीट, सारखे, क्रॉसमध्ये टाइट केलेत. जिथं फिटर एका बाजूनं सुरू करून गोल गोल टाइट करत जातो तिथं ही पद्धत पास दाखवेल आणि फ्लँज गळेल. आणि एक, हा चेक ऑपरेटिंग केसच्या मोमेंटनं कर, वजन, प्रेशर आणि तापमान एकत्र. एक्सपान्शन रेंजच्या, म्हणजे गार ते गरम या फरकाच्या, केसचा आकडा उचलून फ्लँजला लावणारी पोरं मी बरीच बघितली. रेंज ही फटिगसाठी, म्हणजे वारंवार ताणल्यानं येणाऱ्या थकव्यासाठी, असते, गळती त्या क्षणी प्रत्यक्षात जो मोमेंट आहे त्यानं होते.

आता माझ्यावर गुदरलेलं सांगतो. जळगावजवळच्या एका कारखान्यात, नाव राहू दे, पीआरव्ही (प्रेशर कमी करणारा व्हॉल्व्ह) स्टेशनच्या आधीच्या गेट व्हॉल्व्हचा फ्लँज दर सोमवारी सकाळी गळायचा. रविवारी बॉयलर बंद, सोमवारी पहाटे स्टीम चढवली की खालच्या बाजूनं, घड्याळात सहा वाजतात त्या जागेवरून, शीळ घातल्यासारखा आवाज आणि पांढरी रेघ. तीन वेळा गॅस्केट बदललं, चौथ्यांदा महागातलं आणलं. मला वाटलं कंडेन्सेट (स्टीम गार होऊन झालेलं पाणी) साठतंय, कारण आडव्या लाइनीत खाली गार पाणी आणि वर गरम स्टीम असली की पाइप केळ्यासारखा वाकतो, खालची बाजू आखडते, वरची ताणते, आणि हा प्रकार सॉफ्टवेअर आपोआप दाखवत नाही. हे पाणी बाहेर काढणारा ट्रॅप खोलून बघितला, ट्रॅप चांगला निघाला. पाणी साठायचा खालचा तुकडा, म्हणजे ड्रिप लेग, पण मोकळा. मग मी मॉडेल उघडलं, त्या फ्लँजवर जेमतेम २ किलोन्यूटन-मीटर, फ्लँज क्लास ३०० चा, म्हणजे पास.

तिथले एक जुने फिटर होते, सगळे त्यांना आबा म्हणायचे, शिंदखेड्याकडचे. जुनं गॅस्केट त्यांनी हातात फिरवून दाखवलं. वरच्या अर्ध्या भागात वाइंडिंग चपटं होऊन चकाकत होतं, खालच्या भागात ग्राफाइट जवळजवळ नव्यासारखं फुगीर. आबा म्हणाले, "गॅस्केट बदलीसन काय व्हई भाऊ? पाइपले सरकाले जागाच नही शे." मला तेव्हा ते नीट कळलं नाही, खोटं कशाला सांगू. त्यांनी रविवारी लाइन गार असताना प्रत्येक सपोर्टवर शूच्या (पाइपखालच्या सरकत्या पायाच्या) कडेला खडूनं रेघ मारून ठेवली, शूवर आणि खालच्या बीमवर एकच सलग रेघ. सोमवारी लाइन तापली, आम्ही टॉर्च घेऊन रॅकवरून फिरलो. पहिल्या शूवरची रेघ १० मिलिमीटर तुटलेली, दुसऱ्यावरची २० च्या वर, आणि व्हॉल्व्हच्या अलीकडच्या शूवर रेघ जशीच्या तशी, केसभर पण हललेली नाही. तिथं अँकरपासून (पाइप पक्का धरलेल्या जागेपासून) १८ मीटर लाइन होती, म्हणजे ३५ मिलिमीटर सरकायला पाहिजे होतं. खाली वाकून बघितलं तर शूला बीमवर दोन्ही बाजूंनी टॅक (छोटे वेल्ड) मारलेले. हायड्रोटेस्टच्या वेळी लाइन हलू नये म्हणून कोणीतरी मारले असतील, नंतर कापायचे राहून गेले, वरून रंग मारला, त्यामुळं दिसतही नव्हते.

मी मॉडेलमध्ये तो शू अँकर केला आणि परत चालवलं. फ्लँजवरचा मोमेंट ९ किलोन्यूटन-मीटरवर गेला. आता गंमत नाही, गांभीर्यानं बघ: ९ चा मोमेंट म्हणजे त्या फ्लँजशेजारच्या सरळ पाइपात १७१ एमपीए. मर्यादा २०७. पाइप तरीही पास. फ्लँजची मर्यादा पावणेसहा, तो फेल. फक्त पाइपचा स्ट्रेस रिपोर्ट बघणाऱ्याला ही चूक आयुष्यभर सापडली नसती, कारण त्याच्या कागदावर सगळं हिरवंच राहिलं असतं. टॅक ग्राइंडरनं कापले, त्या पाळीत शू कट्‌ असा आवाज करून थोडा सरकला, नवीन साधं गॅस्केट टाकलं, गळती थांबली.

म्हणून तुला पहिलं सांगणं हे की व्हॉल्व्ह, स्ट्रेनर, फ्लोमीटर असं काहीही लाइनीत असलं की त्याच्या दोन्ही टोकांच्या नोडचे (मॉडेलमधल्या बिंदूंचे) फोर्स आणि मोमेंट काढ आणि फ्लँज तपास, मग त्याच्या दोन्ही बाजूंचे पहिले दोन-दोन सपोर्ट साइटवर जाऊन बघ किंवा फोटो मागव. मॉडेलमधला रेस्ट (नुसता टेकू) साइटवर रेस्टच आहे का. यू-बोल्ट आवळून टाकलाय का. मॉडेलमध्ये गॅप दिलेला गाइड (बाजूला न सरकू देणारा सपोर्ट) साइटवर चिकटून बसवलाय का.

वजनाचं सांगतो. ४ इंची क्लास ३०० चा कास्ट स्टील गेट व्हॉल्व्ह सत्तर-ऐंशी किलोचा, आणि पाइप मीटरला १६ किलो, म्हणजे एक व्हॉल्व्ह जवळजवळ पाच मीटर पाइपाएवढा, आणि तो एका फुटात बसलेला. सीझरमध्ये रिजिडचं वजन टाकायचं विसरलास, रकाना शून्य किंवा रिकामा राहिला, तर तो त्याला वजनच नसलेला नुसता दांडा समजतो, आतलं पाणी आणि बाहेरचं इन्सुलेशन पण धरत नाही. ही चूक नवीन पोरांकडून इतक्या वेळा होते की मी कोणाचंही मॉडेल तपासायला घेतलं की आधी रिजिडच्या वजनाची यादी काढतो, बाकीचं नंतर. कंट्रोल व्हॉल्व्हला वर डायफ्रॅम ॲक्च्युएटर असतो, त्याचं वजन पाइपच्या मध्यरेषेवर टाकू नको. व्हॉल्व्हच्या मध्यापासून वर एक रिजिड काढ आणि जिथं ॲक्च्युएटरचा सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी आहे, उत्पादकाच्या जीए ड्रॉइंगवर दिलेला असतो, तिथं ते वजन दे. ॲक्च्युएटर आडवा बसवलेला असेल तर हे फारच महत्त्वाचं, पाइपला पीळ बसतो. आणि कंट्रोल व्हॉल्व्ह लाइनीपेक्षा लहान असतो, तुझ्याकडे ४ इंचाचा ३ होत असेल, तर दोन्ही बाजूंचे रिड्यूसर (व्यास कमी करणारे तुकडे) खरे रिड्यूसर म्हणूनच टाक, रिजिडमध्ये गिळून टाकू नको, कमी व्यासाचा भाग हाच त्या स्टेशनातला कमजोर भाग असतो. सपोर्ट रिड्यूसरच्या अलीकडे-पलीकडे ४ इंची पाइपवर दे, एका बाजूला फिक्स आणि दुसऱ्या बाजूला सरकता. दोन्ही बाजूला फिक्स केलं तर मधला सगळा तुकडा तापून कुठं जाणार?

सिनियरांना एक बारकावा विचारून बघ. व्हॉल्व्हचा फ्लँज थेट एल्बोला लागून आहे का? एल्बो वाकताना थोडा लंबगोल होतो, त्यातूनच त्याला लवचिकपणा मिळतो. फ्लँज लागला की तो गोलच राहतो, लवचिकपणा कमी होतो. कोडमध्ये याची दुरुस्ती आहे, एका बाजूला फ्लँज असेल तर एक गुणक, दोन्ही बाजूला असेल तर दुसरा, आणि सीझरमध्ये बेंडच्या पानावर सिंगल की डबल फ्लँज ते सांगावं लागतं, ते आपणहून समजत नाही. जागा नाही म्हणून एल्बोलाच व्हॉल्व्ह चिकटवायची सवय आपल्याकडच्या छोट्या युनिटांत फार आहे.

वेल्डचा एसआयएफ, म्हणजे जोडाजवळ स्ट्रेस कितीपट धरायचा तो गुणक, पण बघ. वेल्ड नेक फ्लँजला १.०, दोन्ही बाजूंनी वेल्ड केलेल्या स्लिप-ऑनला १.२, थ्रेडेडला २.३. हा १.० म्हणजे साध्या बट वेल्डला धरलेला पाया, मार्कल यांनी १९५२ साली छापलेल्या फटिग टेस्टमधून आलेला. २०२० च्या बी३१.३ पासून हे आकडे बी३१जे या वेगळ्या मानकामधून घ्यायचेत, तुझ्या सॉफ्टवेअरमध्ये कोणतं एडिशन लावलंय ते बघून घे, कारण टीच्या बाबतीत फरक पडतो.

आता बेलो. माझा याला स्पष्ट विरोध आहे, आणि का ते ऐक. बेलो म्हणजे लाइनीत टाकलेली ॲकॉर्डियन, आतलं प्रेशर तिला दोन्ही बाजूंना उघडायला बघतं. उदाहरणादाखल मोठा ८ इंची बेलो घे, त्याचा इफेक्टिव्ह एरिया ४०० चौरस सेंटिमीटरच्या आसपास धर, १० बार म्हणजे ४ टनांचा धक्का. हा धक्का पेलायला मेन अँकर पाहिजे, आणि ईजेएमए या बेलो उत्पादकांच्या संघटनेच्या मानकाप्रमाणे पहिला गाइड बेलोपासून चार व्यासांच्या आत, दुसरा त्याच्यापुढं चौदा व्यासांच्या आत. तुझ्या कंट्रोल व्हॉल्व्ह स्टेशनला एवढी जागा आणि एवढं स्ट्रक्चर आहे का? नाही. मग तो धक्का कोण खाणार, तर तोच व्हॉल्व्ह ज्याला वाचवायला तू बेलो टाकतोयस. इंग्लंडमध्ये फ्लिक्सबरोला १ जून १९७४ ला जे झालं ते पाइपिंग करणाऱ्या प्रत्येकानं समजून घेतलंच पाहिजे. एक रिॲक्टर काढून टाकून त्याच्या जागी २० इंची पाइपचा वाकडा बायपास दोन बेलोंच्या मध्ये बसवला, खाली स्कॅफोल्डिंगचा आधार, आणि ड्रॉइंग म्हणाल तर वर्कशॉपच्या जमिनीवर खडूनं काढलेलं. दोन्ही बेलो एका रेषेत नव्हते, त्यामुळं प्रेशरच्या धक्क्यानं मधला पाइप वाकू शकतो हे कोणी मोजलंच नाही. पाइप फाटला, सायक्लोहेक्सेन बाहेर आलं, २८ माणसं गेली. स्टीममध्ये आग लागत नाही, पण १० बारची स्टीम अंगावर आली तर माणूस वाचणं अवघड. तुझ्याकडे जागा असेल तर लूप दे, नाहीतर एक दिशा बदलून एल टाक, पाइप स्वतःच वाकून घेतो, त्याला देखभाल लागत नाही.

आता एचडीपीई आणि फ्लोमीटर. इनलाइन, म्हणजे लाइनीतच बसवलेलं, म्हटलं की आपल्या खान्देशात आधी ठिबकच आठवतं, आणि त्यातच तुझं अर्धं उत्तर आहे. रावेर-यावलकडे केळीच्या बागेत उन्हाळ्यात भर दुपारी कोणी लॅटरल (ठिबकची नळी) ताणून बसवली तर पहाटे गार झाल्यावर ती आखडून जॉइंटमधून निघालेली असते, म्हणून जाणता शेतकरी थोडी ढिली सोडतो. एचडीपीई मीटरला डिग्रीमागे ०.१५ ते ०.२ मिलिमीटर वाढतं, स्टीलच्या बारा ते सतरा पट. भुसावळच्या मे महिन्यात उघड्यावरचा काळा पाइप दुपारी आणि पहाटे यांच्यात ३० डिग्री सहज फिरतो, म्हणजे ३० मीटरच्या लाइनीत दीडशे मिलिमीटरच्या आसपास ये-जा. पाइप मऊ आहे म्हणून फोर्स स्टीलएवढा येत नाही आणि हळूहळू सैलावतो पण, पण मॅग्नेटिक फ्लोमीटरच्या आत बऱ्याचदा टेफ्लॉनचं लायनर असतं, ते फ्लँजच्या तोंडावर बाहेर वळवलेलं असतं, बोल्ट जास्त आवळले किंवा लाइन वाकडी ओढून जोडली की तेच आधी फाटतं. म्हणून मीटरच्या दोन्ही बाजूंना, उत्पादकाला लागणारी सरळ लांबी सोडून, पाइप खांबाला पक्का धर आणि मीटरला स्वतःचा आधार दे, म्हणजे बाकीची लाइन कितीही हलली तरी मीटरपर्यंत काही पोचणार नाही. आणि हा जॉइंट दुपारी लावू नको, सकाळी लाव.

जोडणीबद्दल स्टीम लाइनीला पण हेच लागू आहे. बी३१.३ सांगतं की बोल्ट टाकण्याआधी फ्लँजची तोंडं २०० मिलिमीटरमागे १ मिलिमीटरच्या आत समांतर पाहिजेत आणि होल ३ मिलिमीटरच्या आत जुळले पाहिजेत. चेनपुली लावून पाइप ओढायचा, होलात टॉमी घालून उचकायचं आणि मग बोल्ट, हे साइटवर रोज चालतं. तो ओढलेला जोर कुठल्याच मॉडेलमध्ये नसतो, तो व्हॉल्व्हमध्ये कायमचा बसून राहतो, आणि मग स्पिंडल जड जातं, ऑपरेटर चाकाला पाइप लावून फिरवतो. शंका आली तर शटडाउनला बोल्ट ढिले करून बघ, फ्लँज किती उडी मारतो ते.

क्लायंटला पाठवायचं म्हणशील तर एक पान कर. वर प्रत्येक इनलाइन वस्तूच्या दोन्ही नोडचे ऑपरेटिंग आणि डिझाइन केसचे फोर्स-मोमेंट, खाली फ्लँज चेक, आधी केलॉग, त्यात जे नापास होतील त्यांना एनसी-३६५८.३. कंट्रोल व्हॉल्व्ह आणि फ्लोमीटरच्या उत्पादकाला हे आकडे पाठवून "चालेल" असं लेखी मागव, बरेच जण देतात. शेवटी सपोर्टचे फोटो, प्रत्येकावर खडूची रेघ, गार असताना एक आणि तापल्यावर एक. लाइनीचं आयसोमेट्रिक ड्रॉइंग मला पाठवलंस तर व्हॉल्व्हच्या अलीकडचा सरकता सपोर्ट नक्की कुठं घ्यायचा ते खूण करून देतो.